उलटून पाहिल्याशिवाय नाव नको

लक्षद्वीप किंवा अंदमानला जाऊन आलेल्या माणसाच्या फोनमध्ये एक फोटो हमखास सापडतो. काळं अंग, त्यावर निळसर राखाडी कंगोरे, कंगोऱ्यांवर पिवळ्याधमक टोकांच्या गाठी. बोटभर लांबीचा जीव मेलेल्या प्रवाळावर निवांत पसरलेला. फोटो वरून काढलेला असतो, कारण पोहणाऱ्याला तो वरूनच दिसतो. मग प्रश्न येतो, हा सी स्लग कोणता? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, दुर्मीळ आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या आधी देण्याची घाई फार होते. चित्रांच्या पुस्तकात डोकवायचं, जुळतंसं वाटणाऱ्या चित्राखालचं नाव उचलायचं, आणि ते नाव भारताच्या यादीत दिसलं नाही की 'पहिलीच नोंद' म्हणून जाहीर करायचं. या जिवांच्या बाबतीत हा रस्ता सरळ खड्ड्यात जातो. त्यांची ओळख पाठीवर अर्धीच लिहिलेली असते. उरलेली अर्धी पोटाकडे असते, आणि ती बाजू फोटोत जवळजवळ कधीच नसते.

वर वर्णन केलेला जीव फायलिडिइडी कुलातला. सी स्लग म्हणजे शंख गमावलेल्या किंवा नावापुरता उरलेल्या समुद्री गोगलगायी, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण त्यांच्यातही हे कुल वेगळं आहे. ज्या डोरिड गटात हे कुल मोडतं त्यातल्या इतर स्लगच्या पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा तुरा असतो, डिवचलं की आत ओढून घेतला जाणारा. फायलिडिइडीच्या पाठीवर तसं काहीच नसतं. त्यांचे कल्ले खाली दडलेले असतात, पाठीच्या कातड्याची, म्हणजे मँटलची, कड आणि पाऊल यांच्यामधल्या खाचेत, दोन्ही बाजूंना पानापानांनी रचलेले. दुसरी गोष्ट, त्यांना रेड्युला नसतो. रेड्युला म्हणजे गोगलगाईच्या तोंडातली कानशीसारखी दातांची पट्टी. एका ओळीत किती दात, ओळी किती, मधला दात आहे की नाही, यावर सी स्लगच्या कितीतरी जाती ठरतात. ज्या कुलाला दातच नाहीत, त्याच्यासाठी हा पुरावा मुळातूनच बाद होतो. हे जीव स्पंजावर तोंड टेकवतात, त्याचं मांस रसायनांनी विरघळवतात आणि शोषून घेतात. म्हणून त्यांची जात ठरवायला जे काही बाहेरून दिसतं ते फार बारकाईने बघावं लागतं.

पण त्याआधी एक खात्री करावी लागते. हा सी स्लग आहे तरी का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण प्रवाळाच्या पाण्यात तो दर वेळी विचारायला हवा. फायलिडिइडी विषारी असतात आणि मासे त्यांच्या वाटेला जात नाहीत, त्यामुळे त्यांचं रूप घेऊन जगणारे दुसरे जीव आहेत. एक म्हणजे पॉलिक्लॅड चपटे कृमी. यातल्या एका जातीचं नावच स्युडोसेरॉस इमिटॅटस. १९९४ साली वर्णन झालेल्या या कृमीची पाठ फायलिडिएला पुस्तुलोसा या स्लगसारखी गाठीगाठींची दिसते. दुसरा सोंगाड्या त्याहून अनपेक्षित: पिअर्सोनोथुरिया ग्रेफी या समुद्री काकडीचं पिल्लू. मोठेपणी हातभर लांब, मळकट रंगाची होणारी ही काकडी बालपणी फायलिडियासारखी काळी-निळी-पिवळी असते. फोटोत भलेभले फसतात.

वरून ओळखायची खूण एकच, आणि ती बघायला थांबावं लागतं: रायनोफोर. डोक्याजवळची ही दोन शिंगं वास घेण्यासाठी असतात. प्रत्येकाची खाच वेगळी, आणि शिंगावर आडव्या पातळ पापुद्र्यांची चळत. कृमीला अशी शिंगं नसतात. त्याच्या पुढच्या कडेलाच दोन दुमडी पडून शिंगांचा भास होतो. काकडीच्या पिल्लालाही ती नसतात. अडचण अशी की पाण्याची हालचाल झाली, सावली पडली, की स्लग रायनोफोर खाचेत ओढून घेतो आणि तिथे नुसतं भोक उरतं. दोन-तीन मिनिटं हात-पाय न हलवता थांबलं की ती परत बाहेर येतात. फोटो तेव्हाच काढायचा. रायनोफोर न दिसणारा फोटो ओळखीसाठी पाठवणं म्हणजे बघणाऱ्यालाही अंदाजात ढकलणं आहे. शिंगं दिसेपर्यंत हात लावू नये, याला आणखी एक कारण आहे. समुद्री काकड्यांना आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच मिळालं आहे. दगडनिर्माते प्रवाळही तेव्हापासून संरक्षित आहेत, त्यामुळे स्लगसकट प्रवाळाचा तुकडा मोडून घेणं हा सरळसरळ गुन्हा आहे.

आता उलटण्याबद्दल. फायलिडिइडी अंगाने चिवट असतात. त्यांच्या मँटलमध्ये चुन्याच्या सुयांची जाळी असते, हाताला ते रबरासारखे लागतात. तरी बोटांनी ओरबाडून काढायचे नाहीत. पाऊल घट्ट चिकटलेलं असताना ओढलं की कड फाटते किंवा जीव आकसून गोळा होतो, आणि मग काहीच दिसत नाही. तो चालत असताना त्याच्या वाटेवर एक पातळ, लवचीक प्लॅस्टिकचा तुकडा धरावा आणि त्याला त्यावर आपणहून चढू द्यावं. तिथून तो पारदर्शक, सपाट तळाच्या डबीत सोडावा. डबीत त्याच जागचं पाणी, जीव बुडून वर दोन बोटं राहील एवढं. थोड्या वेळात तो काचेवर पसरतो, चालायला लागतो, आणि डबी डोक्याच्या वर धरली की खालून सगळं उघडं दिसतं. उलथा करायची गरजच पडत नाही. फोटो झाले की ज्या दगडावरून, ज्या स्पंजापासून उचलला, तिथेच ठेवायचा. दोन हात पलीकडे ठेवलेल्या स्लगला त्याचा स्पंज पुन्हा सापडेलच असं नाही.

एका डबीत एकच जीव, हा नियम मात्र कधीही मोडू नये. हवाईत १९६३ साली नोंदलं गेलं की फायलिडिया व्हॅरिकोसाच्या अंगातून निघणारा स्राव त्याच टाकीतल्या मासे-खेकड्यांना मारून टाकतो. पुढे १९७५ मध्ये त्यातलं रसायन वेगळं काढण्यात आलं, आयसोसायनाइड गटातलं. त्याला ओआहू बेटावरच्या पुपुकेआ या जागेवरून आयसोसायनोपुपुकेआनेन असं नाव मिळालं. तेच रसायन स्लग ज्या स्पंजावर जगतो त्या स्पंजातही सापडलं. स्लग विष स्वतः तयार करत नाही, जेवणातून गोळा करतो. म्हणून डिवचलेला फायलिडिया छोट्या डबीत दुसऱ्या जिवाबरोबर ठेवला तर सकाळी दुसरा मेलेला सापडतो, आणि दोष पाण्याला दिला जातो. हात लावल्यावर साध्या पाण्याने धुवावेत, डोळ्यांना लावू नयेत.

खालून काय बघायचं? मधोमध पाऊल, त्याच्या पुढे तोंड आणि तोंडाशी दोन आखूड स्पर्शिका. दोन्ही बाजूंना कल्ल्यांची पानं. उजव्या बाजूला पुढे ही रांग जिथे तुटते तिथे जननद्वार. इथवर दिसलं की कुल पक्कं. चपटा कृमी असता तर वेगळं पाऊल नसतं, कल्ले नसतात, आणि तोंड अंगाच्या टोकाला न राहता खालच्या पृष्ठावर असतं. काकडीचं पिल्लू असतं तर नळीसारख्या पायांची टोकं दिसली असती. तीन वेगवेगळ्या संघांतले तीन प्राणी पाठीकडून एकसारखे दिसतात, आणि पोटाकडून क्षणभरही गोंधळ राहत नाही.

मग प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, जातीच्या एक पायरी वरचा. तोंडाच्या स्पर्शिका एकमेकींपासून सुट्या आहेत की जुळून एक झाल्या आहेत? जुळलेल्या असतील तर फायलिडिऑप्सिसकडे वळायचं. सुट्या असतील तर फायलिडिया किंवा फायलिडिएला. हा फरक दोन-तीन मिलिमीटरच्या जागेत असतो. साध्या फोन-कॅमेऱ्यात तो यायचा तर डबीच्या काचेला लेन्स जवळजवळ टेकवावी लागते आणि उजेड बाजूने पाडावा लागतो. समोरून टॉर्च मारला की काच चमकते आणि नेमकी तीच जागा पांढरी होते.

यानंतर जात, आणि तळव्याची खरी किंमत इथे कळते. फायलिडिया व्हॅरिकोसा आणि फायलिडिया सिलेस्टिस या दोन्ही पिवळ्या टोकांच्या, निळसर कंगोऱ्यांच्या, काळ्या अंगाच्या. पाठीकडून बघून त्यांची अदलाबदल सतत होते, छापील पुस्तकांतही झालेली आहे. व्हॅरिकोसाच्या तळव्यावर मधोमध लांब काळी पट्टी असते. सिलेस्टिसचा तळवा बिनपट्टीचा राखाडी. एवढी स्वच्छ खूण निसर्गात क्वचित मिळते. पण तिच्यावरही आंधळा भरवसा नको, कारण तशी पट्टी फायलिडिया एलेगन्सलाही असते. तिथे मग पाठीकडे परत यावं लागतं: एलेगन्सची पाठ फिकट, गुलाबीकडे झुकणारी, आणि काळ्या रेघा कडेपर्यंत गेलेल्या. एका खुणेवर नाव ठेवायचं नसतं. दोन खुणा एकमेकींशी भांडत असतील तर नाव प्रजातीवर थांबवायचं. 'फायलिडिया, जात अनिश्चित' हे पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे, आणि चुकीच्या नेमक्या नावापेक्षा पुढच्या माणसाला ते कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

आणखी एक बारीक जागा म्हणजे गुदद्वार. बहुतेक फायलिडियांमध्ये ते पाठीवर, मधोमध, मागच्या टोकाजवळ एका लहान गाठीवर उघडतं. फायलिडिया पिक्टामध्ये ते पाठीवर शोधून सापडत नाही, कारण ते खाली आहे, मँटल आणि पावलाच्या मध्ये, मागच्या बाजूला. या एका फरकासाठी पूर्वी फ्रायेरिया नावाची स्वतंत्र प्रजाती मानली जायची. पुढे ती फायलिडियात मिसळण्यात आली. जुनी पुस्तकं चाळताना हे लक्षात ठेवायला हवं, नाहीतर एकाच जिवाच्या दोन नोंदी होतात.

पाठीवरच्या खुणा नेमक्या कुठे फसवतात तेही सांगायला हवं. पाण्यात खोल गेलं की लाल रंग सगळ्यात आधी मावळतो. पाच मीटरवरच तो बराचसा गेलेला असतो. फायलिडिएला पुस्तुलोसाच्या गाठी मुळात गुलाबी. फ्लॅशशिवाय काढलेल्या फोटोत त्या राखाडी किंवा हिरवट येतात, आणि मग 'राखाडी गाठींची नवी जात' जन्माला येते. फ्लॅश किंवा टॉर्च जवळून वापरावा. फोटोत जीव असताना एखादी पांढरी पाटीही यावी, म्हणजे नंतर रंग दुरुस्त करता येतात. मिलिमीटरची पट्टी तर हवीच. लांबी मात्र तो चालत असताना मोजायची, आकसलेल्या स्लगची लांबी कुणाच्याच कामाची नसते. लहान वयात गाठी कमी आणि कंगोरे सलग असतात, वाढीबरोबर ते तुटून वेगळे होतात, त्यामुळे सेंटिमीटरभराच्या पिल्लाला मोठ्यांच्या चित्रांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. त्यातल्या त्यात विश्वासाची गोष्ट म्हणजे रायनोफोरचा रंग. फायलिडियात तो पिवळा-नारिंगी, फायलिडिएला पुस्तुलोसात काळा.

या कुलाची नावं इतकी गुंतलेली का, याचं उत्तर कोपनहेगनमध्ये आहे. रुडॉल्फ बर्ग हे तिथले डॉक्टर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला जगभरातून आलेले स्लग त्यांनी चिरून अभ्यासले आणि शेकडो जातींची वर्णनं लिहिली. फायलिडिया सिलेस्टिस हे नावही त्यांचंच, सिबोगा जहाजाच्या मोहिमेतल्या नमुन्यांवरून १९०५ साली दिलेलं. त्यांच्या टेबलावर येणारे नमुने मद्यार्कातले असत. मद्यार्कात पिवळा आणि गुलाबी विरून जातो आणि काळा तेवढा टिकतो. आतल्या अवयवांची सुरेख वर्णनं आहेत, पण जिवंत जनावराचा रंग नाही, तळव्याच्या छटा नाहीत. नंतरच्या पिढ्यांनी जिवंत रंग बघून पुन्हा नावं दिली. एका जिवाला चार-चार नावं जमली. १९९३ साली डेव्हिड ब्रुंकहॉर्स्ट यांनी संपूर्ण कुलाची फेरतपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा यातला बराच गुंता सुटला. या कुलात कुणाला काम करायचं असेल तर सुरुवात तिथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

जनुकांनी पुढे नवा गुंता दाखवला. फायलिडिएला पुस्तुलोसा हे कुव्हिए यांनी १८०४ मध्ये दिलेलं नाव ज्या स्लगना लावलं जातं, त्यांच्यात एकमेकींपासून चांगल्याच दूर गेलेल्या अनेक वंशरेषा आहेत, आणि पाठीवरच्या नक्षीवरून त्या नीट वेगळ्या होत नाहीत. त्यामुळे फोटोवरून 'पुस्तुलोसा' म्हणताना ते एका गटाचं नाव आहे, हे मनात असू द्यावं.

दुर्मीळपणाचं बोलायचं तर दोन उदाहरणं पुरेशी आहेत. दीपक आपटे यांनी २००९ साली बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) जर्नलमध्ये लक्षद्वीपच्या सी स्लगची यादी प्रसिद्ध केली. तिच्यातल्या ५२ जाती लक्षद्वीपसाठी नव्या होत्या आणि त्यांतल्या ४० तर भारतासाठीच नव्या. एवढ्या जाती त्या वर्षी पोहत आल्या नव्हत्या. कुणीतरी दगडांखाली, नीट, जातीनिशी बघितलं होतं. दुसरं उदाहरण घरचं. गोनिओब्रँकस बॉम्बेयानस हा स्लग मुंबईच्या किनाऱ्यावरून विंकवर्थ यांनी १९४६ साली ग्लोसोडोरिस बॉम्बेयाना म्हणून नोंदवला. पुढे तो क्रोमोडोरिसमध्ये गेला, आणि २०१२ मध्ये त्याच्या कुलाची जनुकांवरून फेरमांडणी झाली तेव्हा आजच्या प्रजातीत आला. त्याची माहिती शोधणाऱ्याने तिन्ही नावांनी शोधायला हवं. एकाच नावाने शोधलं तर जुन्या नोंदी हाती लागत नाहीत आणि जीव आहे त्यापेक्षा विरळ वाटतो. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर उधाणाच्या ओहोटीला, पहाटे किंवा संध्याकाळी, गुडघाभर पाण्यात वाकून बघणाऱ्यांना सी स्लग दिसतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे ओहोटी फार खाली उतरत नाही तेव्हा, तेच खडक पाण्याखाली राहतात. ज्या आठवड्यात कुणी जातच नाही, त्या आठवड्यात तिथे काही नव्हतं असं म्हणता येत नाही.

कधीकधी मात्र फोटोंनी भागत नाही, नमुना घ्यावाच लागतो. तो हौसेचा विषय नाही. अभयारण्यात आणि लक्षद्वीपसारख्या ठिकाणी आधी लेखी परवानगी लागते, आणि नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचीही. नवी जात निघाली तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तिचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात ठेवावा लागतो. कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण किंवा गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ही त्यातली दोन ठिकाणं.

जिवंत स्लग थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकणं क्रूर आहे आणि निरुपयोगीही. तो आकसतो, रायनोफोर आत जातात, तोंड बंद होतं, आणि ज्या अवयवांसाठी त्याचा जीव घेतला तेच हाती लागत नाहीत. त्याला आधी गुंगी द्यायची. लिटरभर गोड्या पाण्यात ७५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड (सहा रेणू पाण्याचं, ओलसर खड्यांचं) विरघळवलं की त्याचा खारेपणा समुद्राच्या पाण्याएवढा होतो. स्लग त्याच्याच पाण्यात पसरू द्यावा आणि हे द्रावण हळूहळू ओतत निम्मं-निम्मं करावं. घाईने ओतलं तर तो आकसतोच. अर्ध्या-एक तासानंतर बारीक ब्रशने रायनोफोरला स्पर्श करून बघावा. हलला तर आणखी थांबायचं.

फॉर्मॅलिनच्या आधी जनुकांसाठी तुकडा काढायचा, कारण फॉर्मॅलिन डीएनएची वाट लावतं. पावलाच्या कडेचे दोन-तीन मिलिमीटर पुरतात. पोटाजवळचा भाग घेऊ नये. तिथे खाल्लेला स्पंज असतो, आणि फोल्मर यांचे १९९४ पासून वापरात असलेले प्रायमर (ज्यांच्यापासून डीएनएच्या प्रती काढायला सुरुवात होते ते छोटे तुकडे) स्पंजाचाही डीएनए वाढवतात. मग स्लगच्या नावाने स्पंजाची अक्षरं वाचली जातात. तुकड्यावरचा चिकट स्राव धुऊन काढावा, तो पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची क्रिया, अडवतो. तुकडा ९६ टक्के इथेनॉलमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट आकारमानात ठेवायचा आणि चोवीस तासांनी इथेनॉल बदलायचं, कारण पहिलं इथेनॉल अंगातल्या पाण्याने पातळ झालेलं असतं. हाती येणारा सीओआय या, जाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा तुकडा ६५८ अक्षरांचा. तो जेनबँकेत, म्हणजे डीएनए नोंदींच्या सार्वजनिक साठ्यात, ताडून बघताना समोरच्या नोंदीचं नावही कुणीतरी फोटोवरूनच ठरवलेलं असू शकतं. त्या नोंदीमागे संग्रहालयातला नमुना आहे का, ते बघावं.

उरलेलं अंग फॉर्मॅलिनमध्ये: एक भाग फॉर्मॅलिन, नऊ भाग समुद्राचं पाणी, आणि त्यात बोरॅक्स. बोरॅक्स विसरलं तर द्रावण हळूहळू आंबट होतं आणि मँटलमधल्या चुन्याच्या सुया विरघळतात. काही महिन्यांनी बाटलीत नुसती लिबलिबीत पिशवी उरते. एक-दोन दिवसांनी पाण्याने धुऊन सत्तर टक्के मद्यार्कात हलवायचं.

चिठ्ठी बाटलीच्या आत जाते. जाड कागदावर, पेन्सिलीने. शाई मद्यार्कात पसरते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी कधीतरी गळून पडते. तारीख, जागा अक्षांश-रेखांशासह, खोली, कोणत्या स्पंजावर होता, चालतानाची लांबी, जिवंतपणीचा रंग, तळव्यावर पट्टी होती की नव्हती, फोटोंचे क्रमांक, गोळा करणाऱ्याचं नाव. जातीचं नाव या चिठ्ठीवर लिहू नये. ते वेगळ्या चिठ्ठीवर, ठरवणाऱ्याच्या नावासह आणि वर्षासह, म्हणजे पुढे कुणी ते बदललं तरी आधीची चिठ्ठी बाटलीत तशीच राहते.